ऑक्टेव्ह फझ बिघडलाय असं म्हणण्याआधी गिटारचा टोन शून्यावर करून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की सत्तरच्या दशकातलं एक जुनं ऑक्टेव्ह फझ पेडल (गिटारचा आवाज फाटका-जाड करून त्यात वरच्या सप्तकाचा स्वर मिसळणारी छोटी पेटी) हाती आलंय, वरून मखमलीसारखं केसाळ, ऑक्टेव्हचा स्विच टाकला तरी जाड तारांवर ऑक्टेव्ह ऐकूच येत नाही, बारीक तारांवर वरच्या फ्रेट्सना थोडाफार येतो, कॉर्ड वाजवली की नुसता कचरा, आणि नोट संपता संपता फुरफुरून मरते. दुरुस्तीवाला म्हणतोय सगळे जुने कपॅसिटर आणि डायोड बदलून टाकू, तर टाकू का?

नको. निदान आत्ता तरी नको. तुम्ही सांगितलेल्या चारही तक्रारी म्हणजे या पेडलचा स्वभाव आहे, रोग असेलच असं नाही. मी गेली बरीच वर्षं अशीच पेडलं उघडत आलोय आणि "ऑक्टेव्ह येत नाही" म्हणून टेबलावर आलेल्यांपैकी अर्ध्याअधिक पेडलांमध्ये मला काहीही सापडलेलं नाही, मी फक्त गिटारचे दोन पॉट, म्हणजे व्हॉल्यूम आणि टोनच्या फिरत्या कळा, फिरवून माणसाला ऐकवलंय आणि पेडल परत दिलंय. पैसे मागायलाही लाज वाटते अशा वेळी.

तर सोल्डरिंग गन बाजूला ठेवा आणि आधी हे करा. गिटार थेट पेडलमध्ये, मध्ये दुसरं काहीही नको, पेडलमधून थेट अँपमध्ये, अँप क्लीन, म्हणजे त्याचा आवाज न फाटता साफ. नेक पिकअप, म्हणजे गिटारच्या मानेकडचा, घ्या. गिटारचा टोन पूर्ण बंद, अगदी शून्य. गिटारचा व्हॉल्यूम सहा-सातवर. आता जी (G) तारेवर १२ व्या फ्रेटला एकच नोट वाजवा, बाकीच्या तारा उजव्या तळव्याने दाबून धरा, पिक ब्रिजजवळ नाही तर फ्रेटबोर्ड संपतो तिथे मारा आणि हलक्या हाताने मारा. ही नोट ३९२ हर्ट्झची. पेडल ठीक असेल तर तुम्हाला त्याच्या बरोब्बर वरच्या सप्तकातला स्वर, म्हणजे ७८४ हर्ट्झचा, बासरीसारखा चिकटून ऐकू येईल. खात्री करायची असेल तर पेडल बंद करून बारीक ई तारेवर १५ वा फ्रेट वाजवा, तो तोच स्वर आहे, कानाने जुळवून बघा. जुळला? मग ऑक्टेव्हचा भाग जिवंत आहे आणि पुढचं सगळं वाचून झाल्याशिवाय कुणालाही आत हात घालू देऊ नका.

आता हे असं का, ते जरा नीट सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की या पेडलबद्दलचे ऐंशी टक्के प्रश्न आपोआप सुटतात.

आजकालची काही डिजिटल पेडलं कुठला स्वर वाजतोय ते ओळखून त्याच्या वरचा स्वर तयार करतात. या जुन्या पेडलला स्वर-बिर काही कळत नाही. ते फक्त लहरीची घडी घालतं. कागदावर एक लहर काढा, मधल्या रेषेच्या वर एक डोंगर, खाली एक दरी, परत डोंगर, परत दरी. आता कागद मधल्या रेषेवर असा दुमडा की सगळ्या दऱ्या वर येऊन डोंगर होतील. आधी जेवढ्या वेळात एक डोंगर होता तेवढ्या वेळात आता दोन झाले, म्हणजे कंपनसंख्या दुप्पट, म्हणजे वरचं सप्तक. बस, एवढंच आहे ते. तुमच्या अँपच्या पॉवर सप्लायमध्ये एसीचं डीसी करताना जे फुल वेव्ह रेक्टिफिकेशन होतं तेच इथे गिटारच्या सिग्नलवर केलंय. गंमत म्हणजे म्हणूनच या पेडलमध्ये ५० हर्ट्झचा हम, म्हणजे घरातल्या विजेची गुणगुण, शिरला तर तो बाहेर येताना १०० हर्ट्झचा होऊन येतो, तोही एक सप्तक वर चढतो बिचारा.

पण मेख अशी आहे की घडी नीट दिसायला लहर साधी, गोल हवी. आणि गिटारची लहर, त्यात जाड ई तारेची, साधी कधीच नसते. मोकळी जाड ई ८२ हर्ट्झची, पण तिच्यात तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर एवढे ठासून भरलेले असतात की मूळ स्वर कधीकधी त्यांच्यापेक्षा अशक्त असतो, असल्या वेड्यावाकड्या लहरीची घडी घातली तर वेडंवाकडंच काहीतरी बाहेर येणार. वरच्या फ्रेटला तार आखूड होते, नेक पिकअप आणि बंद टोनमुळे वरचे स्वर गाळले जातात, लहर जवळजवळ गोल होते आणि ऑक्टेव्ह टुणकन वर येतो. म्हणून बारीक तारा, म्हणून १२ व्या फ्रेटच्या पुढे, म्हणून नेक पिकअप. हे कुणीतरी बनवलेले नियम नाहीत, घडीचा तो परिणाम आहे.

दुसरी गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. लोक ऑक्टेव्ह कमी येतोय म्हणून फझ वाढवतात, आधी आणखी एक डिस्टॉर्शन लावतात, गिटारचा व्हॉल्यूम दहावर नेतात. आणि ऑक्टेव्ह आणखीनच गायब होतो! विचार करा, जास्त फझ म्हणजे लहरीचे डोंगर वरून आणि खालून सपाट कापले जाणार, पार टोकाला गेलात की लहर चौकोनी होते, वर सपाट, खाली सपाट. आता त्या चौकोनी लहरीची घडी घाला. खालचा सपाट भाग वर आला आणि वरच्या सपाट भागाला चिकटला. काय राहिलं? एक सरळ रेषा. सरळ रेषेला आवाजच नसतो. प्रत्यक्षात लहर जिथे वर-खाली होताना मधली रेषा ओलांडते तिथे बारीक खाचा राहतात, त्यामुळे अगदी शांतता होत नाही, एक पातळ करकरीत ऑक्टेव्ह येतो, पण तो बासरीसारखा भरलेला आवाज गेला तो गेलाच. म्हणूनच नोट मारल्यावर लगेच फझ जास्त आणि नोट विरत जाते तसतसा ऑक्टेव्ह फुलून वर येतो, कारण सिग्नल कमी झाला, सपाटपणा कमी झाला, लहर परत गोल झाली. गिटारचा व्हॉल्यूम सहावर आणायला सांगितलं ते याच्यासाठी. पेडलवरचा सस्टेन, म्हणजे फझ किती ते ठरवणारा पॉट, कुठे ठेवायचा हे मात्र मी सांगणार नाही, प्रत्येक नग वेगळा वागतो, फिरवा आणि ऐका.

थोडा इतिहास, कारण तुमचं पेडल नेमकं कुठल्या घराण्यातलं आहे त्यावर दुरुस्ती ठरते. सगळ्यांचा आजोबा म्हणजे ऑक्टाव्हिया, रॉजर मेयर नावाच्या इंग्रज इंजिनियरने बनवलेला, हा माणूस आधी ब्रिटिश नौदलाच्या संशोधनाच्या कामात आवाज आणि कंपनांवर काम करायचा. जिमी हेंड्रिक्सने तो १९६७ मध्ये 'पर्पल हेझ'च्या सोलोत वापरला आणि जगाला हा आवाज कळला. तो सोलो ऐका, कॉर्ड नाहीत, एकेक नोट आणि बरीचशी वरच्या बाजूला, उगाच नाही. पुढे सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या टायकोब्राहे कंपनीने ऑक्टाव्हिया नावाने स्वतःचं पेडल काढलं, त्यात घडी घालायचं काम एक छोटा ट्रान्सफॉर्मर आणि दोन जर्मेनियम डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) करतात. जपानच्या शिन-ई कंपनीने बनवलेला युनिव्हॉक्स सुपर-फझ हा तिसरा प्रकार, त्यात ट्रान्झिस्टरांची जोडीच घडी घालते. फेंडरचा ब्लेंडर १९६८ च्या सुमाराचा, त्यात मूळ आवाज मिसळायची सोय. आणि केसाळ मखमली कवच म्हणजे जवळजवळ नक्कीच फॉक्स टोन मशीन, स्टीव्ह रिडिंगरच्या फॉक्स कंपनीचं, व्हॉल्यूम, सस्टेन आणि मेलो-ब्राइट असे तीन पॉट आणि ऑक्टेव्हसाठी वेगळा छोटा स्विच. याच माणसाने पुढे डॅनइलेक्ट्रो चालवली आणि त्यांचं फ्रेंच टोस्ट नावाचं प्लॅस्टिकचं स्वस्त पेडल याच सर्किटवर होतं, दिसायला खेळणं, आवाजाला अजिबात खेळणं नाही, माझ्याकडे आहे.

टोन मशीनमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. तिथे एका ट्रान्झिस्टरच्या एमिटर आणि कलेक्टर या दोन पायांवरून एकाच सिग्नलच्या दोन प्रती काढतात, एक सुलटी, एक उलटी, आणि दोन डायोडमधून दोघींचे अर्धे-अर्धे भाग घेऊन जोडतात. हे लक्षात ठेवा, पुढे मोजमापाला लागणार आहे.

आता कॉर्डचा कचरा. दोन स्वर एकत्र घडीत गेले की त्यांचे ऑक्टेव्ह तर येतातच, शिवाय दोघांची बेरीज आणि वजाबाकी हेही स्वर म्हणून बाहेर पडतात. सा आणि प घ्या, म्हणजे पॉवर कॉर्ड, समजा २०० आणि ३०० हर्ट्झ. वजाबाकी १००, तो खालचा सा. बेरीज ५००, तो वरच्या सप्तकातला गंधार. सगळे नात्यातलेच, म्हणून दोन तारांची पॉवर कॉर्ड या पेडलमधून भसाडी पण सहन होईल अशी, उलट खालचा सा फुकटात मिळाल्याने जाडजूड वाटते. पण पूर्ण मेजर कॉर्ड वाजवली, सहाच्या सहा तारा, तर प्रत्येक जोडीची बेरीज-वजाबाकी, त्यात फ्रेटवरचा गंधार शुद्ध प्रमाणात नसतोच, किंचित चढा असतो, त्यामुळे वजाबाकीचे स्वर कशाशीच जुळत नाहीत, आणि जे ऐकू येतं त्याला तुम्ही कचरा म्हणालात ते बरोबरच आहे. बिघाड नाही, गणित आहे ते.

याचाच एक खेळ करून बघा, मला अजून कंटाळा आलेला नाही याचा. बी तारेवर १२ वा फ्रेट धरा, जी तारेवर १४ वा फ्रेट, दोन्ही एकदम वाजवा आणि जी तार हळूहळू ओढत बी तारेच्या स्वरापर्यंत न्या. सुरुवातीला दोघांत साधारण ५४ हर्ट्झचा फरक असतो, तो फरक एक खोल घुरघुर म्हणून ऐकू येतो, आणि तुम्ही तार वर ओढताय तर घुरघुर मात्र खाली खाली जाते, हळू होत होत धडधड होते आणि स्वर जुळले की थांबते. बोट वर, आवाज खाली. हे ज्याच्यात झकास होतं त्या पेडलची घडी घालायची यंत्रणा ठणठणीत आहे असं मी डोळे मिटून सांगतो.

नोट संपताना फुरफुरते त्याचं कारण डायोड. डायोडला उघडायला किमान थोडं व्होल्टेज लागतं, जर्मेनियमला साधारण ०.२ ते ०.३, सिलिकॉनला ०.६ ते ०.७. सिग्नल त्याच्या खाली गेला की दरवाजा बंद, मधे थोडा उघडझाप करतो ती फुरफुर. म्हणून तर जुन्या लोकांनी इथे जर्मेनियम वापरला. शेवटच्या शेवटी थोडी फुरफुर, थोडं थुंकल्यासारखं, हे चालायचंच. पण नोट मारल्यावर सेकंदभरात कात्रीने कापल्यासारखी तुटत असेल तर मात्र ते नॉर्मल नाही, तिथे मी आत बघेन.

माझ्याकडे असंच एक आलं होतं. ऑक्टेव्ह होता पण कसनुसा, खाली मूळ स्वर दामटून वाजत होता. सिग्नल जनरेटरवरून २२० हर्ट्झची गोल लहर आत सोडली आणि स्कोपवर, म्हणजे लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, बघितलं तर डोंगर होते, पण एक उंच, एक बुटका, एक उंच, एक बुटका, कंगव्याचे एकाआड एक दात झिजावेत तसे. एक उंच एक बुटका म्हणजे प्रत्येक जोडी एक लहर झाली, म्हणजे मूळ स्वर परत आला. आत बघितलं तर दोन डायोडांपैकी एक काचेचा लांबट, आत केसासारखी तार दिसणारा जर्मेनियम, आणि दुसरा पिटुकला केशरी सिलिकॉन. कुणीतरी आधीच "दुरुस्ती" केलेली होती. मूळच्या जर्मेनियमला जोडीचा दुसरा जुन्या साठ्यातून शोधून लावला, दोन्ही डोंगर सारखे झाले, काम झालं. तुमचा दुरुस्तीवाला सगळे डायोड बदलू म्हणतोय ना, त्याला आधी विचारा कोणते लावणार. उत्तर "कुठलेही चालतात" असं आलं तर पेडल उचला आणि घरी या.

बाय द वे दोन्ही डोंगर अगदी तंतोतंत सारखे असायलाच हवेत असंही नाही. थोडासा मूळ स्वर खाली राहिला तर आवाजाला वजन येतं, पार बॅलन्स केलेला ऑक्टेव्ह मला स्वतःला जरा कागदी वाटतो. सुपर-फझमध्ये तर यासाठी आत एक ट्रिमर, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट, असतो, फिरवून हवं तिथे सोडायचं.

आता खरंच आत बघायचं झालं तर माझा क्रम असा. सगळ्यात आधी बॅटरी, ताजी ९ व्होल्टची, आणि बॅटरीच्या क्लिपच्या तारा ओढून बघा, पन्नास वर्षांत त्या आतून तुटलेल्या असतात आणि वरून धडधाकट दिसतात. मग पॉट आणि स्विच. ऑक्टेव्हचा तो छोटा स्विच वर्षानुवर्षं कुणी हलवलेला नसतो, काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि वीस-तीस वेळा खटखट, कितीतरी वेळा "मेलेला" ऑक्टेव्ह एवढ्यावर उठून बसलाय. फवारा मारताना बाहेरच्या मखमलीवर उडू देऊ नका, ती चिकटवलेली असते आणि सॉल्व्हंट लागला की टक्कल पडतं, ते परत येत नाही.

मग मल्टिमीटर. तो सिग्नलच्या दोन प्रती काढणारा ट्रान्झिस्टर शोधा. त्याच्या एमिटरवर ग्राउंडपासून किती व्होल्ट आहेत ते मोजा, आणि कलेक्टर बॅटरीच्या व्होल्टपेक्षा किती खाली आहे ते मोजा. दोन्ही रेझिस्टर सारख्या किमतीचे असतील तर हे दोन आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत, कारण दोन्हीतून तोच करंट जातो. फरक मोठा असेल तर एक रेझिस्टर सरकलाय, जुने कार्बनचे रेझिस्टर वयानुसार चढतात, तेवढा एकच बदला. डायोड सर्किटमध्येच असताना मोजलेले आकडे फसवतात, म्हणून एकटा आकडा बघू नका, दोन्ही डायोड एकाच पद्धतीने मोजून एकमेकांशी तुलना करा. आणि कधी जर्मेनियमचा पाय सोल्डर करायची वेळ आलीच तर पायाला क्लिप लावून उष्णता खेचून घ्या, तो फार नाजूक जीव आहे. ज्यांच्याकडे ट्रान्सफॉर्मरवालं पेडल आहे त्यांनी सेकंडरीचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या बाहेर पडणाऱ्या बाजूच्या गुंडाळीचे, दोन अर्धे मोजावेत, ओहममध्ये थोडा फरक आला तर घाबरू नका, बाहेरच्या गुंडाळीला तार जास्त लागते म्हणून तो येतो, एक अर्धा पूर्ण तुटलेला असेल तरच रडायचं.

कपॅसिटर. इलेक्ट्रोलिटिक सुकतात हे खरं, पण सुकल्याची लक्षणं वेगळी, एकूण आवाज बसलेला, बास गायब, गेन नाही. तसं असेल तर तो एक, दुसरा, जो सुकलाय तोच बदला, आणि काढलेला पिशवीत घालून पेडलबरोबर जपून ठेवा. बाकीचे फिल्म आणि सिरॅमिकचे कपॅसिटर उगाच बदलणं म्हणजे चांगले दात काढून कवळी बसवणं. मूळ सोल्डर गेलं की पेडलची किंमतही गेली ती वेगळीच. मूळ आहे का हे बघायला पॉटच्या पाठीवरचे आकडे वाचा, १३७ ने सुरू होत असतील तर पॉट सीटीएसचा, पुढचे दोन आकडे वर्ष आणि त्यापुढचे दोन आठवडा, म्हणजे १३७७२३० हा १९७२ च्या ३० व्या आठवड्यातला. पेडल त्याच्या आधीचं असू शकत नाही, नंतरचं असू शकतं.

पेडल कुठे लावायचं तर शक्यतो गिटारनंतर पहिलं. आधी बफर (गिटार आणि पुढच्या पेडलमध्ये येऊन सिग्नल भक्कम करणारं सर्किट) असलेलं पेडल असेल तर गिटारचा व्हॉल्यूम कमी करून आवाज साफ होण्याची जी गंमत आहे ती बरीचशी जाते. आधी दुसरा फझ लावू नका, चौकोनी लहरीचं वर सांगितलंच. नंतर लावला तर चालेल, ऑक्टेव्ह तयार होऊन मग तो जाड होतो. अ‍ॅडॅप्टरचं म्हणाल तर जुन्या पेडलला भोकच नसतं बहुधा, आणि भोक पाडू नका, बॅटरी क्लिपला जोडता येणारी वायर मिळते ती वापरा. फक्त आधी बघून घ्या बॅटरीची कुठली बाजू कवचाला जोडलीय. प्लस जोडलेली असेल तर ते पेडल इतरांबरोबर एका अ‍ॅडॅप्टरवर चालवू नका, शॉर्ट होईल.

तर आज जी तारेवरची ती टेस्ट करा. ऑक्टेव्ह आला तर आतलं झाकण स्क्रूसकट तसंच राहू द्या. नाही आला तर स्विच साफ करून पुन्हा करा, आणि तरीही नाही आला तर त्या ट्रान्झिस्टरच्या एमिटर आणि कलेक्टरचे व्होल्ट, बॅटरीचे प्रत्यक्ष व्होल्ट आणि दोन्ही डायोडचा जवळून काढलेला एक फोटो पाठवा, म्हणजे पुढचं बोलता येईल.